युजरने मागायच्या आधीच व्हिडिओ त्याच्या फोनमध्ये उतरवून ठेवणं बरोबर आहे का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या स्पर्धा परीक्षेच्या अ‍ॅपवर लेक्चर अडकतात, गोल चकरी फिरत राहते, म्हणून पुढचे लेक्चर आधीच फोनमध्ये टाकून ठेवायचा विचार आहे, पण टीममधले सीनियर म्हणतात की हे चुकीचं आहे, चांगला सीडीएन (व्हिडिओच्या प्रती युजरच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) घ्या. तुमचे सीनियर कोण ते माहीत नाही, पण त्यांचा सख्खा भाऊ शोभेल असा एक माणूस आमच्या घरी जावई आहे. म्हणून लिहायला बसलो.

आधी उत्तर घ्या. ठेवा, बिनधास्त ठेवा, फक्त पोराला उद्या काय बघायचंय हे तुम्हाला आज नक्की माहीत असलं पाहिजे आणि ते त्याच्या पैशाच्या डेटावर उतरता कामा नये. बाकी सगळं तपशीलाचं काम आहे.

सीडीएन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पण सीडीएनवाल्यांचा सर्व्हर मुंबईत बसलेला असतो, मुंबईपासून आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यापर्यंत फायबरवरून माल सुसाट येतो, रडगाणं त्याच्या पुढे सुरू होतं. धडगावच्या वर पाड्यावरच्या पोराचं दुखणं टॉवर ते फोन या शेवटच्या तुकड्यात आहे. एका टेकाडावर नेटवर्कच्या दोन कांड्या येतात, खाली घरात आलं की त्याही जातात. तिथे तुम्ही जगातला सगळ्यात महाग सीडीएन लावा, काही फरक पडणार नाही. हे पुण्यात बसून कळत नाही, कारण तिथे ऑफिसच्या वायफायवर टेस्टिंग होतं आणि मग म्हणतात आमच्याकडे तर चालतंय.

मी शहाद्याला एका पोलीस भरती अकॅडमीचं अ‍ॅप सांभाळायचो. नोकरी नाही, महिन्याचे ठरलेले पैसे, बाकी माझं सीसीटीव्ही, प्रिंटर, नेटवर्कचं काम वेगळं. अ‍ॅप मीच लिहिलेलं. अकॅडमीत निम्मी पोरं सातपुड्यातली, धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडची, शहाद्यात रूम करून राहणारी, आणि उरलेली शिरपूर, दोंडाईचा, शिंदखेडा इकडची. आता सातपुड्यात होळी म्हणजे काय असते ते खान्देशातल्या माणसाला सांगायची गरज नाही, दिवाळीला एखाद वेळी पोरगा थांबेल पण होळीला थांबणार नाही. आधी काठी गावची होळी, मग पुढची गावं, आठ-दहा दिवस पोरं गायब. आणि नेमकी त्याच सुमारास भरतीची लेखी जवळ आलेली. अकॅडमीचे सर दरवर्षी चिडायचे की ग्राउंडमध्ये ही पोरं सगळ्यांच्या पुढे, सोळाशे मीटर हसत पळतात, ५० पैकी चांगले मार्क काढतात आणि १०० मार्कांच्या लेखीत होळी आडवी येते. त्यांनी त्या वर्षी होळीच्या दिवसांतले सगळे लेक्चर आधी रेकॉर्ड करून घेतले, मला म्हणाले अ‍ॅपवर टाक. मी म्हटलं सर, अ‍ॅपवर टाकून काय उपयोग, तिथे उघडणार कुठे?

मग डोक्यात आलं. अकॅडमीत नियम होता की ग्राउंडवर मोबाइल न्यायचा नाही. पहाटे पाच-सव्वापाचला पोरं यायची, वर्गात मागच्या बाकांवर फोन ठेवायची, चार्जिंगला लावायची आणि पळायला जायची. तुम्ही ते दृश्य बघायला पाहिजे होतं. भिंतीला एक्स्टेन्शन बोर्ड एकाला एक जोडलेले, बाकावर ओळीने फोन, निम्म्यांच्या स्क्रीन फुटलेल्या, कव्हरवर मार्करने नाव किंवा चेस्ट नंबर लिहिलेला, पिन ढिली म्हणून रबर बँड बांधलेला, एखाद्याचा अलार्म मधेच वाजतोय आणि बंद करायला कोणी नाही. म्हणजे बघा, फोन चार्जिंगला आहे, वायफायवर आहे, मालक दीड-दोन तास हात लावणार नाही. अँड्रॉइडमध्ये वर्कमॅनेजर म्हणून सोय असते, अटी पूर्ण झाल्या की बॅकग्राउंडला काम चालवणारी, तिला ज्या अटी घालतात त्या इथे आपोआप पूर्ण होतायत. अनमीटर्ड नेटवर्क (ज्यावर डेटा मोजून जात नाही, जसं वायफाय) पाहिजे, चार्जिंग चालू पाहिजे, स्टोरेज कमी नको, या तिन्ही लावल्या. फोन आयडल असावा ही चौथी अट मात्र मी काढून टाकली, कारण फोनला खरंच कोणी हात लावत नाहीये हे अँड्रॉइडला पटायलाच इतका वेळ लागतो की तोवर पोरं गोळाफेक करून परत आलेली असतात. तुम्हीही ती लावू नका, डॉक्युमेंटेशनमध्ये छान दिसते.

दुसरी भानगड वायफायची. शंभर फोन एकदम एका साध्या राउटरवर डाउनलोड करायला लागले की राउटर मान टाकतो. आणि एकच लेक्चर शंभर वेळा इंटरनेटवरून आणायचं म्हणजे वेडेपणा. ऑफिसात एक जुना डेस्कटॉप पडलेला, त्यावर लिनक्स टाकलं, एनजिनएक्स या सर्व्हर सॉफ्टवेअरचा कॅश लावला, म्हणजे एकदा आणलेली फाइल तिथेच साठून राहते. अकॅडमीच्या वायफायवर असेल तर अ‍ॅप आधी त्या डबड्याला विचारणार, त्याच्याकडे नसेल तर ते बाहेरून एकदाच आणणार. प्रत्येक फोनला सुरू व्हायची वेळ थोडी पुढेमागे दिली. लेक्चर पांढऱ्या फळ्याचे, त्यात हलणारं काय तर सरांचा हात, त्यामुळे पाऊण तासाचं लेक्चर साठ-सत्तर एमबीत दाबून बसवता आलं. होळीचा अख्खा माल एक जीबीच्या आत.

आणि काय टाकायचं हे ठरवायला मला कुठलं एआय लागलं नाही. भिंतीवर टाइमटेबल लावलेलं होतं! सोमवारी काळ-काम-वेग, मंगळवारी मराठी व्याकरण. मोठ्या कंपन्यांचं दुखणं हे असतं की माणूस पुढे काय बघेल याचा अंदाज करावा लागतो आणि चुकला की टाकलेला माल वाया. आमच्याकडे अंदाजच नव्हता. होळीनंतर पोरं परत आली, फोन वायफायला लागले, कोणी काय बघितलं त्याचे लॉग सिंक झाले, तर जवळजवळ सगळे लेक्चर उघडलेले. परत आल्यावर टेस्ट झाली, त्यात दरवर्षी मागे पडणारी धडगावची पोरं या वेळी पडली नाहीत. सर मला चहा पाजायला स्वतः खाली आले, हे त्यांच्या बाबतीत फार झालं.

आता दाजी. ताईचे मिस्टर पुण्याला मोठ्या आयटी कंपनीत आर्किटेक्ट आहेत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ताई माहेरी आलेली, तिला न्यायला दाजी आले, आणि आखाजीला आमच्याकडे पत्ते बसतातच. ओसरीवर डाव चालू, मी मोठ्या उत्साहाने होळीची गोष्ट सांगितली. दाजी पान टाकता टाकता म्हणाले, "हा जुगाड आहे रे, याला आर्किटेक्चर म्हणत नाहीत. सरळ डाउनलोडचं बटण दे ना." मी म्हटलं दाजी, बटण आधीपासून आहे. शनिवारी दुपारी जीप भरायच्या घाईत कोण दाबतंय ते? आणि दाबलं तर सगळे एकाच वेळी दाबणार. मग म्हणाले, "एकदा फोनमध्ये फाइल गेली की पायरसी झालीच समज." आता हे तर कोणीही सांगेल. फाइल एनक्रिप्ट करून पाठवायची, किल्ली नंतर द्यायची, किल्ली काही बाइट्सची असते, ती टेकाडावर दोन कांड्यांत पण उतरते. व्हॉल्व्ह या गेम कंपनीने २००४ मध्ये हाफ-लाइफ २ हा गेम स्टीम या त्यांच्या ऑनलाइन दुकानावरून असाच रिलीजच्या आधी लोकांच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवला होता, कुलूप लावून, आणि रिलीजच्या दिवशी कुलूप उघडलं. आजही मोठे गेम तसेच येतात. मी आमच्या सराव पेपरला तेच केलं, पेपर पहाटे फोनमध्ये, किल्ली दहा वाजता. दाजींना हे सांगितलं तर म्हणाले गेमची गोष्ट वेगळी. मी नेटफ्लिक्सचं सांगितलं, की ते त्यांचे ओपन कनेक्टचे डबे, म्हणजे व्हिडिओ साठवणारे सर्व्हर, इंटरनेट कंपन्यांकडे ठेवतात आणि गर्दी नसलेल्या वेळी उद्याचा माल त्यात भरतात, मी केलं ते तेच फक्त आणखी एक पायरी पुढे, फोनपर्यंत. तर म्हणे, "तू नेटफ्लिक्स आहेस का?" सगळे हसले. आईने आतून आवाज दिला, "पत्ता गुंडाळा आते, जेवाले बसा," म्हणून विषय तिथे तुटला, पण माझ्या डोक्यात तो अजून चालू आहे.

पुढचं ऐका. सरांना अ‍ॅप मोठं करायचं होतं, दाजींच्या ओळखीने एका बाहेरच्या कंपनीला काम दिलं. त्यांना प्रीलोडचा, म्हणजे आधीच उतरवून ठेवायचा, माझा कोड आयता मिळाला. त्यांनी काय केलं, अनमीटर्डची अट काढली आणि लेक्चरसोबत इतर कोर्सच्या जाहिरातींचे व्हिडिओ पण आधीच उतरवायला लागले, मोबाइल डेटावर. पोराचा दिवसाचा दीड जीबी, तो सकाळी उठायच्या आत निम्मा गायब. शिंदखेड्याचा एक पोरगा माझ्याकडे दुकानात आला, "भाऊ, मना फोन भरी गया, डेटा बी सरी गया, हाई काय शे?" बघितलं तर हे. मग एक स्टारचे रिव्ह्यू, मग पोरांनी अ‍ॅप काढून टाकलं. आणि दाजींनी त्यातल्या एका रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, बघ तुझं प्रीलोड.

म्हणजे माझं प्रीलोड! वायफाय, चार्जिंग आणि टाइमटेबल काढून टाकल्यावर जे उरलं त्याला माझं म्हणायचं? न विचारता माल भरला की लोक चिडणारच, तिथे नाव कितीही मोठं असो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० च्या काही जीबीच्या फाइल लोकांच्या कॉम्प्युटरवर, त्यांनी मागितल्या नसताना, उतरवून ठेवल्या होत्या, तेव्हा जगभर शिव्या खाल्ल्या. उलट नेटफ्लिक्सने २०२१ मध्ये ‘डाउनलोड्स फॉर यू’ आणलं तेव्हा आधी विचारलं, चालू करायचं का, एक जीबी देता का तीन का पाच, आणि उतरणार फक्त वायफायवर. त्यावर कोणी बोंब मारली नाही. यूट्यूबने २०१६ मध्ये भारतात स्मार्ट ऑफलाइन काढलं, व्हिडिओ रात्री स्वस्त डेटाच्या वेळी उतरवायचा, तेही माणसाने स्वतः सांगितल्यावर. तुमच्या सीनियरला एवढंच दाखवा.

आता तुमच्या अ‍ॅपबद्दल थोडं. पहिल्यांदा उघडल्यावर एकदाच साध्या मराठीत विचारा, किती जागा देता आणि वायफाय नसेल तर उतरवू का, आणि या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीपासून ‘नाही’ असं लावून ठेवा. बघून झालेलं लेक्चर दोन दिवसांनी आपोआप उडवा. बत्तीस जीबीच्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या गुड मॉर्निंगने आधीच वीस खाल्लेले असतात, त्यात तुमचं अ‍ॅप जास्त जागा खातंय असं दिसलं की सगळ्यात आधी तेच जाणार. स्टोरेजच्या यादीत तुमचा आकडा किती दिसतो ते स्वतः बघत जा.

शाओमी, विवो, ओप्पो, रियलमी यांच्या फोनवर बॅटरी सेव्हर बॅकग्राउंडचं काम मारून टाकतो, तिथे वर्कमॅनेजर सांगितल्या वेळी चालेल याची खात्री धरू नका. आम्ही पोरांना ऑटोस्टार्ट हाताने चालू करून दिलं होतं, शंभर फोन एका जागी होते म्हणून जमलं, तुमचे युजर राज्यभर असतील तर हे जमणार नाही. आयफोनवर तर बॅकग्राउंडला कधी काम करू द्यायचं ते आयओएस ठरवतं, तुमचं कोणी ऐकत नाही. तुमचे बहुतेक युजर घरच्या फायबरवर असतील तर हे सगळं करूच नका, व्हिडिओ तुकड्या-तुकड्यांत येतोच, पुढच्या लेक्चरचे पहिले दोन-चार तुकडे आणून ठेवले तरी चकरी दिसणार नाही. चालू घडामोडींचे व्हिडिओ असतील तर ते शिळे होतात, ते आठवड्याआधी भरून ठेवण्यात अर्थ नाही.

आणि तुमच्याकडे टाइमटेबल आहे की पोरं वाटेल ते लेक्चर उघडतात, हे तुम्ही लिहिलंच नाही. वाटेल ते उघडत असतील तर प्रीलोडच्या आधी तुमच्या शिकवणाऱ्या सरांना टाइमटेबल बनवायला लावा. क्वालिटी ३६०पीच्या वर नेऊ नका, मार्करचं अक्षर वाचता आलं म्हणजे झालं.