पीएसएनआर ४२ आला, म्हणून सीटी निदानासाठी सुरक्षित म्हणता येईल का?

तुमचा प्रश्न असा की, छातीच्या सीटीच्या २०० स्लाइस जेपीईजी आणि जेपीईजी २००० ने १०:१ दाबल्या (म्हणजे फाइल एक दशांश केली), पीएसएनआर (दाबलेली प्रतिमा मूळ प्रतिमेच्या किती जवळ आहे ते सांगणारा आकडा; जास्त तितका चांगला) ४२ डेसिबल आला, तर प्रबंधात ‘निदानासाठी सुरक्षित’ असं लिहू का? कृपया लिहू नका.

आधी त्या ४२ ची झडती घ्या. सीटीचा पिक्सेल सहसा १२ बिटांचा असतो, पण फाइलमध्ये १६ बिटांची जागा घेतो. पीएसएनआरच्या सूत्रात पिक्सेलची कमाल किंमत ४०९५ (१२ बिटांची) ऐवजी ६५५३५ (१६ बिटांची) घातली, तर बसल्या जागी २४ डेसिबल वाढतात. १०:१ चंही तेच. मूळ आकार १६ बिटांनी मोजलात, तर रिकाम्या ४ बिटांचं श्रेय कॉम्प्रेशनला मिळतं. शिवाय नेहमीचा जेपीईजी ८ बिटांचा. त्यासाठी आधी विंडो लावून (म्हणजे किमतींचा ठरावीक पट्टाच ठेवून) स्लाइस ८ बिटांवर आणल्या असतील आणि तुलनाही त्यांच्याशीच केली असेल, तर सगळ्यात मोठी हानी तुमच्या आकड्यात आलेलीच नाही.

समजा, हिशेब चोख आहे. तरी पीएसएनआर ही सरासरीच. ३५ सेंटिमीटरच्या चौकटीत ५ मिलिमीटरची गाठ जेमतेम ४० पिक्सेल व्यापते. स्लाइसमध्ये पिक्सेल आहेत २,६२,१४४. ती गाठ पूर्ण पुसून तिथे फुफ्फुसातली हवा भरली, तरी तुमचे ४२ अर्ध्या डेसिबलनेही खाली येणार नाहीत. मी हे गणित करून पाहिलं, त्या दिवसापासून नुसत्या पीएसएनआरवर माझा विश्वास उरला नाही. तुम्हीही एका स्लाइसवर करून पाहा.

खरी कसोटी रेडिओलॉजिस्टच्या वाचनात. गाठ असलेले आणि नसलेले, दोन्ही रुग्ण घ्या. गाठ आहे की नाही हे बायोप्सी किंवा पुढच्या तपासणीवरून ठरवा. मूळ प्रतिमेच्या वाचनावरून ठरवलंत तर मूळ प्रतिमा कधी चुकणारच नाही. दोन्ही आवृत्त्या त्याच डॉक्टरांना दाखवा, पण मध्ये काही आठवडे जाऊ द्या, नाहीतर केस लक्षात राहते. क्रम सरमिसळ ठेवा आणि कोणती दाबलेली ते सांगू नका. मग आरओसी, म्हणजे खऱ्या गाठी किती पकडल्या आणि नसलेल्या किती धरल्या यांचा आलेख, काढून दोन्हींची तुलना करा. इथे एक गल्लत फार होते: १५ रुग्णांत ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. किती घट चालेल ते आधी ठरवून त्यानुसार रुग्णसंख्या काढावी लागते.

स्लाइसची जाडीही नोंदवा. पातळ स्लाइसमध्ये नॉइज जास्त, त्यामुळे त्याच गुणोत्तराला ती जास्त बिघडते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ रेडिओलॉजिस्ट्सने २००८ मध्ये छातीच्या एक्स-रेला १०:१ सुचवलं, पण सीटीला ५:१ च.

डॉक्टरांचा वेळ मिळत नसेल तर विषय बदला: जेपीईजी-एलएस आणि लॉसलेस जेपीईजी २००० या काहीही न गमावता दाबणाऱ्या दोन पद्धतींची तुलना करा. फाइल निम्मी-तिहाई होईल, उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेल जुळतो का ते तपासता येईल, आणि वेळ व मेमरी मोजून ठामपणे काही म्हणता येईल. मार्गदर्शकांशी याच आठवड्यात बोला.