गीझर खदखदतो, गरम पाणी पिवळसर येतं. लगेच बदलावा का?

तुमचा गीझर 15 लिटरचा, पाच वर्षं वापरलेला, पाणी बोअरचं. चालू केला की आतून खदखद ऐकू येते, सकाळची पहिली बादली पिवळसर येते आणि मेकॅनिक म्हणतो, नवीन घ्या. माझं मत : घाई करू नका, आधी तो उघडून बघायला लावा.

बोअरचं पाणी तापलं की त्यातले क्षार कॉइलवर बसतात. थरावर थर चढून त्याची दगडासारखी खपली होते. खपलीखाली अडकलेलं पाणी उकळतं, तीच ती खदखद. पाण्याला उष्णता नीट देता येत नाही म्हणून कॉइल स्वतःच जास्त तापते आणि एक दिवस जळते. खपली लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून काढता येते. संडास धुण्याचं अ‍ॅसिड मात्र कुणालाही वापरू देऊ नका, त्याने धातूच खाल्ला जातो.

आता पिवळ्या पाण्याचं. आधी त्याच बाथरूममधला थंड पाण्याचा नळ सोडून बघा. तेही पिवळं असेल तर दोष गच्चीवरच्या टाकीचा किंवा पाइपचा. फक्त गरमच पिवळं येत असेल तर गीझरची टाकी गंजायला लागली असावी. इथे अ‍ॅनोड रॉड महत्त्वाचा. ही बहुधा मॅग्नेशियमची कांडी असते; टाकीऐवजी ती स्वतः झिजते. ती संपली की गंज टाकीकडे वळतो. माझा पहिला गीझर चौथ्या वर्षी टाकीतून गळायला लागला, तेव्हा कळलं की आत रॉडची नुसती तार उरली होती. सर्व्हिसिंगला दोनदा माणूस येऊन गेला होता, पण त्याने टाकी बाहेरूनच पुसली होती! दुसऱ्या गीझरचा रॉड मी दर पावसाळ्यानंतर समोर उभं राहून काढायला लावते. तो नववं वर्ष चालतोय.

गळती नेमकी कुठून आहे तेही बघा. कॉइलच्या झाकणापासून असेल तर गॅस्केट बदलून भागतं. टाकीच्या पत्र्यातूनच पाणी येत असेल तर मात्र मेकॅनिकचं ऐका, वेल्डिंगवर पैसे घालवू नका. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना चार थेंब पडले तर घाबरायचं कारण नाही, तापलेलं पाणी फुगतं. पण ते थेंब थांबवायला तिथे बूच कधीही मारू नका. टाकीतला जादा दाब बाहेर पडायची वाट तीच आहे.

नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्या किंवा एमसीबी पडायला लागला, तर त्याच क्षणी गीझर बंद. कॉइल फुटून करंट पाण्यात उतरत असू शकतो. अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. ही गोष्ट पुढच्या पगारावर ढकलू नका, घरात लहान मुलं असतील तर मुळीच नाही.

पाणी तापायला किती वेळ लागतो तेही घड्याळ लावून बघा. 2000 वॅटच्या कॉइलला 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत न्यायला साधारण 18 ते 20 मिनिटं पुरतात. व्होल्टेज ठीक असूनही फार जास्त वेळ लागत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून कॉइल चालू-बंद करणारा भाग, तपासा.

आणि साफ करून परत जोडल्यावर गरम पाण्याचा नळ सोडा, सलग धार येईपर्यंत थांबा, मगच बटण दाबा. टाकी रिकामी असताना चालू केलात तर नवी कॉइलही जळेल.