शाखा बदलायचीय? मग पहिल्या सत्रापासूनच

इंजिनीअरिंगला मेकॅनिकल शाखेतून कॉम्प्युटरला जाणं अवघड आहे, अशक्य नाही. आधी तुझ्या कॉलेजची नियमावली वाच. सीनियर सांगतात त्यावर विसंबू नकोस, कारण स्वायत्त कॉलेजांचे नियम वेगवेगळे असतात. साधारणपणे पहिल्या वर्षाअखेर, रिकाम्या जागा असतील तेवढ्याच, सीजीपीएच्या (सगळ्या सत्रांच्या ग्रेडची सरासरी) गुणवत्तायादीने भरतात.

म्हणून क्रेडिटचं, म्हणजे प्रत्येक विषयाच्या वजनाचं, गणित समजून घे. सत्राला 20 क्रेडिट असतील, तर 4 क्रेडिटच्या गणित विषयात एक ग्रेड पॉइंट वाढला की एसजीपीए (त्या एका सत्राची सरासरी) 0.20 ने वर जातो. 1 क्रेडिटच्या प्रॅक्टिकलमध्ये तेवढाच वाढला तर फक्त 0.05 ने. तरी मुलं जर्नल सजवत रात्री जागवतात!

नेहमीच्या चुका:

- पहिलं सत्र ‘रुळायला’ म्हणून सोडून देणं. यादीत दोन्ही सत्रं धरतात.
- बॅकलॉग, म्हणजे नापास राहिलेला विषय. पुढे सुटला तरी बऱ्याच ठिकाणी अर्ज बाद होतो.
- पसंतीक्रमात नको असलेली शाखा उगाच भरणं. एकदा मिळाली की सहसा परत फिरता येत नाही.

नाहीच जमलं, तर आपल्याच शाखेत राहून कॉम्प्युटरमध्ये मायनर (जोडीचा छोटा अभ्यासक्रम) कर. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) आराखड्यात त्यासाठी 18 ते 20 जादा क्रेडिट लागतात. पण ते दुसऱ्या वर्षी बघू. आत्ता गणित आणि फिजिक्स.