एआय एजंटच्या टूलमधून ओपनओसीडी सुरू केले की एजंट अडकतो आणि पुढच्या वेळी पोर्ट व्यापलेला दिसतो, असे का?

आपण लिहिले आहे की एजंटला ओपनओसीडी (चिपमधला प्रोग्राम तपासण्यासाठी संगणकावर चालणारा डिबग सर्व्हर) सुरू करायला सांगितल्यावर तो दोन मिनिटे गप्प राहतो, मग टाइमआउट झाल्याचे सांगतो, आणि पुन्हा प्रयत्न केल्यास ३३३३ हा पोर्ट आधीच वापरात असल्याची चूक येते. मी गोव्यातील फोंडा तालुक्यात कुळागरांतील (सुपारीच्या बागांतील) पंपांसाठी नियंत्रक तयार करतो. बोर्डावर एसटीएम३२ ही चिप असते आणि प्रोब, म्हणजे तिला संगणकाशी जोडणारे उपकरण, एसटी-लिंक. नेमक्या याच दोन चुका मी स्वतः केल्या असल्यामुळे उत्तर देण्याचे धाडस करतो.

एजंटचे शेल टूल कमांड चालवते आणि ती संपण्याची वाट पाहते. ओपनओसीडी मात्र संपण्यासाठी बनलेलेच नाही. ते प्रोबवर ताबा ठेवून जीडीबी या डिबगरसाठी ३३३३, हाताने कमांड देण्याच्या टेलनेट जोडणीसाठी ४४४४ आणि टीसीएल या स्क्रिप्ट-भाषेसाठी ६६६६ हे पोर्ट उघडते व बसून राहते. टाइमआउट झाल्यावर टूल बहुधा फक्त शेलला मारते आणि त्याखालची ओपनओसीडीची प्रोसेस अनाथ होऊन जिवंत राहते. पोर्ट तिच्याकडे असतो आणि यूएसबीवरचा प्रोबही तिच्याकडेच, म्हणून पोर्ट बदलून पाहिला तरी काम होत नाही. आत्ता अडकलेली प्रोसेस शोधण्यासाठी लिनक्सवर एलएसओएफ या कमांडला तो पोर्ट क्रमांक द्यावा आणि सापडलेली प्रोसेस साध्या टर्मिनेट सिग्नलने बंद करावी.

कमांडच्या शेवटी अँपरसँड लावून ती पार्श्वभूमीत ढकलणे हा उपाय मी सुचवणार नाही, कारण त्यामुळे एजंट मोकळा होतो एवढेच. सर्व्हर खरोखर उभा राहिला की प्रोब न सापडल्यामुळे लगेच कोसळला, हे त्याला कळत नाही आणि तो आत्मविश्वासाने पुढची पायरी गाठतो. सर्व्हर सुरू करणे, त्याची स्थिती व लॉग पाहणे आणि तो बंद करणे अशी तीन वेगळी टूल्स एजंटला द्यावीत, आणि प्रोसेसची मालकी ज्या प्रोग्राममधून ही टूल्स चालतात त्याच्याकडे ठेवावी. सुरू करण्याचे टूल आधीची प्रोसेस जिवंत असल्यास नवी काढणार नाही, तिचीच माहिती परत देईल. आणि एजंटचे सत्र संपले की तो प्रोग्राम सर्व्हरही बंद करील.

टूल एमसीपीच्या (एजंटला टूल्स जोडण्याच्या प्रमाणित प्रोटोकॉलच्या) स्टँडर्ड इनपुट-आउटपुट पद्धतीने जोडले असेल तर आणखी एक अडचण येते. त्या वाटेने जेसन संदेश जात असतात, आणि डिबग सर्व्हरने तीच वाट वारशाने घेतली तर त्याची एखादी ओळ संदेशांत मिसळून संपूर्ण संवाद तुटतो. त्याचे आउटपुट पाइपमध्ये घेऊन ते वाचलेच नाही, तर लिनक्सवर साधारण ६४ किलोबाइट भरल्यानंतर सर्व्हर लिहिता लिहिता थबकतो, आणि दुपारपर्यंत उत्तम चाललेले सत्र अकारण गोठल्यासारखे वाटते. लॉग सरळ फाइलमध्ये वळवणे हेच सोयीचे.

आता 'सर्व्हर तयार आहे' हे कसे ओळखावे, कारण खरी मेख इथेच आहे. 'लिसनिंग' असा शब्द असलेली पहिली ओळ पाहून टूलने यश कळवू नये. टीसीएल व टेलनेटच्या ओळी प्रोबला हात लावण्यापूर्वीच छापल्या जातात. त्यानंतर प्रोबची ओळख, टार्गेटचा व्होल्टेज, हार्डवेअर ब्रेकपॉइंटची, म्हणजे कोड थांबवण्याच्या जागांची, संख्या (एफ१०३ चिपवर ती ६ असते, आणि एजंट ती बिनदिक्कत ओलांडतात) अशा ओळी येतात, आणि जीडीबीच्या पोर्टची ओळ सर्वांत शेवटी. टूलने त्या शेवटच्या ओळीची किंवा प्रोसेस संपण्याची, जे आधी घडेल त्याची, वाट पाहावी आणि लॉगच्या शेवटच्या वीसेक ओळी जशाच्या तशा एजंटला द्याव्यात.

मी मात्र खात्री करून घेण्यासाठी टूलला जीडीबीच जोडायला लावले होते. जीडीबी जोडले की ओपनओसीडी नेहमीच्या मांडणीत चिप थांबवते. सावईवेरे येथील एका कुळागरात त्या वेळी पंपाचा रिले चालू होता. चिप थांबली तरी पिनवरची पातळी तशीच राहते, त्यामुळे पंप बंद करणारा कोड चाललाच नाही आणि टाकी भरून सुपारीच्या वाफ्यांत वाहिली. मालकांनी हसून सोडून दिले, ती त्यांची कृपा. तेव्हापासून भार जोडलेल्या बोर्डावर मी एजंटला जीडीबी जोडू देत नाही, आणि स्वतंत्र वॉचडॉग (कोड अडकल्यास चिप रिसेट करणारा टायमर) डिबगच्या वेळी गोठवण्याची सोय आधी चालू करतो. नाहीतर थांबवलेली चिप वॉचडॉगमुळे रिसेट होते आणि एजंट फर्मवेअरमधली नसलेली चूक शोधत बसतो.

टेलनेटचा पोर्ट एजंटच्या हाती थेट देऊ नये. तिथून फ्लॅश, म्हणजे चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम, पुसता येते आणि ऑप्शन बाइट्सही, म्हणजे वाचन-संरक्षणासारखी चिपची सेटिंग्ज, बदलता येतात. एसटीएम३२ च्या ज्या मालिकांत वाचन-संरक्षणाची दुसरी पातळी आहे, त्यांतल्या बहुतेकांत ती एकदा लावली की डिबगची वाट कायमची बंद होते. वाचणे, थांबवणे, पुढे चालवणे आणि ठरावीक फाइल फ्लॅश करणे एवढ्याच क्रिया टूलमधून उघड्या ठेवाव्यात.

आणि टार्गेटचा व्होल्टेज शून्याजवळ दिसत असेल तर एजंटला कॉन्फिग फाइल्स बदलत बसू देऊ नये. आमच्याकडे जुलैमध्ये जंपर वायरींच्या टोकांवर हिरवा थर चढतो. मी ती वायर बदलेपर्यंत एजंटने तीन वेळा क्लॉकचा वेग कमी करून पाहिला होता.