संत्र्याची पानं पिवळी पडली? आधी कोणती पानं ते बघा

भाऊ, झाड पिवळं दिसलं म्हणून लगेच युरियाची पोती आणू नका. आधी झाडाजवळ जाऊन पिवळेपणा कुठून सुरू झाला ते बघा. खालची जुनी पानं सगळीच फिकट पडली असतील तर नत्र कमी आहे. जुन्याच पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण उरून बाकीचं पिवळं झालं असेल तर मॅग्नेशियम.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर लोह किंवा जस्त. जस्ताच्या कमतरतेत पानं बारीक, अरुंद राहतात. आपल्या विदर्भातल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत हे फार दिसतं, कारण लोह-जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाही. म्हणून फवारणीच करा: जस्तासाठी 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 25 ग्रॅम चुना, गाळून, नवी पानं जवळजवळ पूर्ण वाढल्यावर.

पण त्याआधी बुंध्याजवळ थोडं उकरा, हे मी हात जोडून सांगतो. पाणी साचलंय का? साल कुजून डिंक येतोय का? मुळंच सडत असतील तर कितीही फवारा, उपयोग नाही. चर काढा, पाणी खोडापासून दूर ठेवा, कुजलेली साल खरवडून बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा.

पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे, विस्कळीत पिवळे डाग असतील तर मात्र ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगाची शंका घ्या. तो सिट्रस सिला या रस शोषणाऱ्या बारीक किडीमुळे पसरतो, त्यावर इलाज नाही. त्या झाडाची कलमाचे डोळे भरायला काडी अजिबात घेऊ नका.