स्क्रीन चालू केली की रॅम कार्ट्रिज हळू का होतं?

प्रश्न: माझ्याकडे पाल (PAL, म्हणजे युरोपातल्या टीव्ही पद्धतीचा) कमोडोर 64 हा जुना होम कॉम्प्युटर आहे, त्याला मागे 1750 रॅम एक्स्पान्शन, म्हणजे जादा मेमरीचं कार्ट्रिज लावलंय. कॉम्प्युटरच्या मेमरीतले 64 किलोबाइट कार्ट्रिजमध्ये कॉपी केले आणि दोन टायमर जोडून सायकल्स (कॉम्प्युटरच्या घड्याळाचे ठोके) मोजल्या. स्क्रीन बंद असताना 65,500च्या आसपास येतात, चालू केली की 69 हजारांच्या पुढे, आणि दरवेळी आकडा वेगळा. कार्ट्रिज उघडून परत सोल्डर करू का? – एक वाचक

उत्तर: अजिबात उघडू नका हो, कार्ट्रिज ठणठणीत आहे! तुम्ही जे मोजलंय ते स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या व्हीआयसी-टू चिपचं काम आहे, आणि इतकं नीट मोजलंत याचं खरंच कौतुक वाटलं.

या मशीनमध्ये प्रत्येक सायकलचे दोन भाग, पहिल्या अर्ध्यात मेमरी व्हीआयसीकडे, दुसऱ्यात सीपीयूकडे, म्हणून एरवी दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत. पण चित्राच्या दर आठव्या ओळीला व्हीआयसीला 40 अक्षरांचे कोड वाचायचे असतात, तेवढ्यासाठी तिला दुसरा अर्धाही लागतो, त्या ओळीला बॅड लाइन म्हणतात. तेव्हा ती बीए नावाची सिग्नल लाइन खाली ओढते, तीही 3 सायकल आधीच, कारण 6510 (या मशीनचा सीपीयू) मेमरीत लिहीत असताना थांबू शकत नाही आणि त्याची सलग लिखाणं जास्तीत जास्त तीनच असतात. हीच बीए एक्स्पान्शन पोर्टच्या 12 नंबरच्या पिनवर येते. रॅम कार्ट्रिज डीएमए (सीपीयूशिवाय थेट मेमरी वापरण्याच्या) लाइनने सीपीयूला बाजूला करून सायकलला एक बाइट हलवतं, पण बीए खाली गेली की तेही थांबतं. थांबलं नाही तर कार्ट्रिज आणि व्हीआयसी दोघं एकाच वेळी बस (मेमरीकडे जाणाऱ्या सामाईक तारा) चालवतील, मग डेटाचा भरवसा नाही. स्वतः कार्ट्रिज बनवणाऱ्यांनी ही पिन सोडून देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती.

आता हिशेब. पाल फ्रेम (स्क्रीनचं एक पूर्ण चित्र) म्हणजे 312 ओळी, ओळीला 63 सायकल, एकूण 19,656. त्यात 25 बॅड लाइन्स, प्रत्येकीला साधारण 43 सायकल जातात, म्हणजे फ्रेममागे हजारभर. तुमची कॉपी साडेतीन फ्रेम चालते, तर साडेतीन-चार हजार जास्त लागणारच, आणि शेवटची अर्धी फ्रेम बॉर्डरमध्ये पडते की चित्रात यावर आकडा हलतो! स्प्राइट (व्हीआयसीच स्क्रीनवर हलवते ती छोटी चित्रं) चालू असतील तर अजून वाढेल.

स्थिर आकडा हवा असेल तर मशीन कोडमध्ये 53266 या पत्त्यावर रास्टर (सध्या काढली जाणारी ओळ) 251 येईपर्यंत थांबा, ती चित्राखालची पहिली ओळ, आणि तिथूनच कॉपी सुरू करा, मग दोन-चार सायकलचाच फरक राहील. घाईचं काम असेल तर 53265 मधला 16चा बिट शून्य करा, पुढच्या फ्रेमपासून स्क्रीन जाते आणि बॅड लाइन्सही. हे आकडे एनटीएससी (अमेरिकन टीव्ही पद्धतीच्या) मशीनला लावू नका, तिथे ओळी 263 आणि ओळीला 65 सायकल असतात.