होपींबद्दल खरं कुठे वाचायचं?

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्या कर्वेनगरच्या वाचन कट्ट्यावर दर महिन्याला एकीने नवीन विषय सांगायचा असतो, यावेळी मी अमेरिकेतले होपी नावाचे आदिवासी लोक असं बोलून बसले आणि आता अडकलेय. नेटवर शोधलं की सगळीकडे भविष्यवाणी, निळा तारा, जगाचा अंत नाहीतर एलियन. मैत्रिणीने फ्रँक वॉटर्सचं 'बुक ऑफ द होपी' दिलंय, दीर म्हणतात भंपक आहे. होपी वडीलधाऱ्यांचा एक संदेश पण व्हॉट्सॅपवर आलाय, छान आहे. यातल्या कशावर विश्वास ठेवू? आणि त्यांच्या मुखवट्यांचे फोटो स्लाइडवर टाकले तर चालतील का? (नाव छापू नका, दीर मासिक वाचतात.)

उत्तर : दीर पाऊण बरोबर आहेत, पण हे त्यांना तुम्ही सांगू नका, इथे वाचतीलच.

ते पुस्तक १९६३ चं. ओस्वाल्ड व्हाइट बेअर फ्रेडरिक्स नावाचे एक होपी गृहस्थ, त्यांनी माहिती गोळा केली आणि वॉटर्सने लिहिलं, म्हणजे अगदी हवेतून काढलंय असं नाही. पण वॉटर्स मुळात कादंबरीकार, त्याने वेगवेगळ्या कुळांच्या गोष्टी शिवून एक सलग कथा केली, जणू होपींचं बायबलच. उद्या कुणी जेजुरी, पाली आणि मंगसुळीच्या खंडोबाच्या कथा एकत्र कालवून 'खंडोबाग्रंथ' काढला तर तिथल्या गुरवांना कसं वाटेल तसं काहीतरी. निळ्या ताऱ्याची भविष्यवाणीही जगभर पसरली ती याच पुस्तकातून. आर्मिन गिर्ट्झ नावाच्या अभ्यासकाने या पुस्तकावर सडकून टीका केली आणि होपी भविष्यवाण्या काळाप्रमाणे कशा बदलत, वाढत गेल्या त्यावर १९९४ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. ते मिळालं तर आधी ते वाचा.

व्हॉट्सॅपच्या संदेशात 'ज्यांची वाट बघत होतो ते आपणच' अशा अर्थाची ओळ आहे ना? ती जून जॉर्डन या अमेरिकन कवयित्रीच्या कवितेतली, दक्षिण आफ्रिकेतल्या बायकांवरची, १९७८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत वाचलेली. होपींच्या नावाने ती फिरायला लागली ते नंतर.

आता मुद्द्याचं. होपींची बारा गावं आहेत, अॅरिझोनाच्या ईशान्येला, तीन मेसांच्या आसपास. मेसा म्हणजे आपलं पाचगणीचं टेबललँड डोळ्यासमोर आणा, फक्त कोरडंठाक आणि स्ट्रॉबेरीशिवाय. प्रत्येक गाव वेगळं, गावात कुळं वेगळी, कूळ आईकडून येतं, आणि कुठून आलो, कसे आलो ही गोष्ट ज्या त्या कुळाची स्वतःची, दुसऱ्या कुळाची गोष्ट सांगायचा हक्क आपल्याला नाही असं ते मानतात. दीक्षा झाल्याशिवाय काही गोष्टी खुद्द होपी मुलांनाही सांगत नाहीत. त्यामुळे 'होपी असं मानतात की' अशी सुरुवात दिसली की मी जरा सावध होते. कुठल्या गावचं, कुठल्या कुळाचं, कोणी सांगितलं, हे लिहिलेलं नसेल तर ते पान पुढे नाही वाचलं तरी चालेल.

पण नुसतं खरं-खोटं करून भागत नाही, इथे खरी गोम आहे. हेन्रिच व्होथ म्हणून एक मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी होता, १८९३ पासून ओराइबी या होपी गावात राहिला, भाषा शिकला, विधींचं बारीकसारीक वर्णन लिहून ठेवलं, फोटो काढले, वस्तू गोळा केल्या, त्यातल्या बऱ्याच शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये गेल्या. त्याचं १९०५ चं कथांचं पुस्तक कॉपीराइट संपल्यामुळे नेटवर फुकट आहे, प्रत्येक कथेखाली सांगणाऱ्याचं नावही आहे. म्हणजे माझ्या चाळणीतून तर अगदी पास! पण ओराइबीचेच डॉन तलायेस्वा यांचं आत्मचरित्र आलं १९४२ मध्ये, त्यात ते याच व्होथवर भडकलेत, हा माणूस कीवात, म्हणजे जमिनीखालच्या विधीच्या खोलीत, जबरदस्तीने घुसायचा आणि दिसेल ते लिहून घ्यायचा म्हणून. मग माहिती बरोबर पण मिळवली कशी? व्होथच्या कथा वाचा मी म्हणेन, विधींची वर्णनं मात्र मी स्वतः कट्ट्यावर वाचून दाखवणार नाही. तलायेस्वांचं पुस्तक जरूर वाचा, फक्त ते लिओ सिमन्स या अमेरिकन अभ्यासकाने संपादित केलेलं आहे हे लक्षात ठेवून.

आपल्याकडे गुंथर सोंथायमरसारखा जर्मन माणूस पुण्यात राहून वर्षानुवर्षं धनगरांबरोबर, खंडोबाच्या भक्तांबरोबर हिंडला, तर बाहेरचा म्हणजे वाईटच असंही नाही. तो किती वर्षं बसला आणि कोणाच्या परवानगीने बसला ते बघायचं.

होपींचं स्वतःचं काय आहे? सगळ्यात आधी होपी कल्चरल प्रिझर्व्हेशन ऑफिस, त्यांच्याच जमातीच्या सरकारचं, कीकोत्स्मोवी गावातलं, संशोधकाने काय करायचं आणि काय नाही याचे नियम तिथे ठरतात. ली कुवानविसिउमा यांनी ते जवळपास तीन दशकं चालवलं, त्यांचं लिखाण आणि मुलाखती शोधा. दुसरं, १९९८ चा मोठा होपी शब्दकोश, सुमारे तीस हजार शब्दांचा, एमरी सेकाक्वाप्टेवा हे होपी अभ्यासक त्यामागे होते. शब्दकोश कोण वाचतं म्हणाल, पण एकेक शब्द काढून बघा, परंपरेबद्दल जास्त कळतं. आणि अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या, उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवरच्या हँडबुकचा नववा खंड, १९७९ चा, रुक्ष आहे पण भरवशाचा. डेक्कन कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात आधी चौकशी करा, नसतील तर नेटवर.

अजून एक, कट्ट्यावर कोणीतरी नक्की म्हणणार की होपी भाषेत काळच नसतो. हे बेंजामिन व्होर्फ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाचं म्हणणं, एकेहार्ट मालोत्की या होपी भाषेच्या अभ्यासकाने १९८३ मध्ये सहाशेहून जास्त पानांचा ग्रंथ लिहून खोडलंय. तेवढं सांगून पुढे जा.

फोटोंचं : नको. २०१३ मध्ये पॅरिसला या पवित्र वस्तूंचे लिलाव झाले, होपींनी कोर्टात अडवायचा प्रयत्न केला पण कोर्टाने लिलाव होऊ दिले, मग डिसेंबरमध्ये अॅनेनबर्ग फाउंडेशनने चोवीस वस्तू विकत घेतल्या परत देण्यासाठी, त्यातल्या एकवीस होपींच्या. आपल्याला तो मुखवटा दिसतो, त्यांच्यासाठी तो जिवंत आहे, 'मित्र' म्हणतात त्याला. देव्हाऱ्यातले टाक कुणी लिलावात मांडले तर कसं वाटेल ते आठवा. गावात विधी चालू असताना फोटो, रेकॉर्डिंग, अगदी स्केच काढायलाही बंदी आहे.

त्याऐवजी नांपेयो या फर्स्ट मेसावरच्या बाईंची मडकी दाखवा, जुन्या खापरांवरच्या नक्षीवरून त्यांनी आख्खी शैली पुन्हा उभी केली. आणि पिकी ही त्यांची पोळी दाखवा, निळ्या मक्याच्या पिठात राख घालून, तापलेल्या दगडावर उघड्या हाताने सारवायची, कागदासारखी पातळ होते आणि मग गुंडाळी करायची. मांडे करणारी एखादी मावशी कट्ट्यावर असेल तर तिला शेजारी बसवा, वीस मिनिटं ती आणि तुम्ही मिळून सहज बोलाल.